सावित्रीचे दोन काठ

ओहोटीच्या वेळी हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला निघालं, की दक्षिणेला सावित्रीचं मुख आणि पलीकडे बाणकोट. 1948 पर्यंत हा काठ सिद्दी नवाबाच्या जंजिरा संस्थानात होता, तो काठ इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. राजघराणं मूळचं आफ्रिकेतलं. रयत कुणबी, आगरी, कोळी, महार, कोकणी मुसलमान. धर्म आणि जात वेगळी, पण बाजारातली बोली एकच.

या खोऱ्यात लोकांनी सत्तेला जाब विचारायला सुरुवात केली ती पाण्यावरून. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. अस्पृश्यांचा त्या पाण्यावरचा हक्क हायकोर्टातून पक्का व्हायला 1937 उजाडलं. मला राज्यघटनेची सुरुवात त्या ओंजळीत दिसते.

जानेवारी 1948 मध्ये नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आणि त्यांच्या साथीदारांनी जंजिरा संस्थानात उठाव केला आणि नवाबाला विलीनीकरण मान्य करावं लागलं. धारिया महाडजवळच्या नाते गावचे. त्याच गावात जन्मलेले, कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुख यांनी 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या बेताविरुद्ध केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. एका लहानशा गावानं संस्थान आणि दिल्ली, दोघांपुढे माणसं उभी केली, याचा मला फार अभिमान वाटतो.

त्याच 1956 मध्ये श्रीलंकेनं सिंहली ही एकच राजभाषा केली. तमिळांना त्या निर्णयात वाटा नव्हता. पुढे त्या बेटानं पंचवीसहून अधिक वर्षं यादवी भोगली. आपल्याकडे भाषावार राज्यं झाली, पण मुंबईला मराठी-गुजराती द्विभाषिक राज्याचं जोखड मिळालं. तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीनं 1957 च्या निवडणुकीत कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र ढवळून काढला आणि त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला, सावित्री उगवते त्याच डोंगररांगेतल्या प्रतापगडावर पंडित नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले असताना, हजारोंच्या निदर्शनांनी आपलं म्हणणं त्यांच्या कानावर घातलं. 1 मे 1960 चा महाराष्ट्र शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या रक्तावर उभा आहे. बेळगाव मात्र बाहेरच राहिलं. तिथल्या मराठी माणसाला तो न्याय अजून मिळालेला नाही.

1993 मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. आज महाराष्ट्रातल्या पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. नवाबाच्या अमलात जिथे रयतेला विचारत नसत, तिथे आता सरपंचबाई ठरावावर सही करतात.

बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट जाते. दुचाक्या, माशांच्या टोपल्या, शाळेची पोरं तिच्यावर चढतात आणि थोड्या वेळात पलीकडे उतरतात. या पाण्यावर कधीकाळी राज्य बदलत होतं, हे त्या पोरांना माहीतही नसतं.