रामगिरीचा दुर्ग व त्याचे धनी

फ्रान्स देशांत लॉयर नदीच्या परिसरांत राजांचे व उमरावांचे अनेक प्रासाददुर्ग आहेत. त्यांपैकीं शेर नदीच्या पात्रावर कमानी उभारून बांधलेला शेनॉन्सो हा विशेष प्रसिद्ध. राजा दुसरा हेन्री यानें तो आपली प्रिया दियान हिला दिला. परंतु १५५९ सालीं राजा मरतांच त्याची विधवा राणी कॅथरिन हिनें तो तिजकडून काढून घेतला व मोबदल्यांत शोमाँचा वाडा तिला दिला. त्या गढीचा इतिहास म्हणजे तिच्या मालकिणींचाच इतिहास होय. याच दृष्टीनें आमच्या रामटेकच्या गडाकडे पाहूं गेल्यास मात्र पहिलाच प्रश्न अडवितो: याचा धनी म्हणावा तरी कोणाला?

तट आहेत, बुरूज आहेत, वराह, सिंगपूर, भैरव व गोकुळ अशा नांवांचे एकामागून एक दरवाजे आहेत. पण इतक्या बंदोबस्तानें आंत राखलेला राजवाडा कोठेंच नाहीं. शेवटचा दरवाजा ओलांडला कीं समोर येतात तीं राम व लक्ष्मण यांचीं देवळें. येथें राजे झाले ते सर्व बाहेर राहिले. आंतली जागा देवाची. हें आजचें नव्हे, दीड हजार वर्षांपासूनचें आहे.

गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावती ही वाकाटक नृपति दुसरा रुद्रसेन यास दिलेली होती. पति अकालीं निवर्तला. पुत्र दिवाकरसेन लहान. म्हणून पांचव्या शतकाच्या आरंभीं या विधवा राणीनें किमान तेरा वर्षें राज्यशकट स्वतः हांकला. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकच्या पायथ्यापासून जवळच असलेलें आजचें नगरधन. पुढें वार्धक्यांत तिनें दिलेला एक ताम्रपट विदर्भांतील रिद्धपूर येथें सांपडला. दान दिलें तें ठिकाण सांगतांना तींत राजवाड्याचें नांव नसून रामगिरीच्या स्वामीच्या चरणांचा उल्लेख आहे. टेकडीवरील केवल नरसिंहाच्या देवळांतील जीर्ण शिलालेखावरून तिच्या कन्येनें आईच्या स्मरणार्थ येथें देवालय स्थापिलें असावें असें विद्वानांचें अनुमान आहे. मेघदूतांतला रामगिरि तो हाच, असें म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं साधार प्रतिपादिलें. या मताला विरोध करणारे आहेत. आम्ही मात्र विद्यार्थ्यांपुढें हें काव्य मांडतांना याच डोंगराकडे बोट दाखवीत आलों.

वाकाटकांनंतर यादव आले. लक्ष्मणाच्या देवळांतील लेख रामचंद्र यादवाच्या कारकीर्दीचा आहे. त्यापुढें हा मुलूख देवगडच्या गोंड राजांकडे गेला. नागपूर वसविणारा बख्त बुलंद त्यांच्यांतलाच. त्याचा मुलगा चांद सुलतान १७३९ सालीं वारल्यावर घरांत कलह माजला, राणीनें रघूजी भोसल्यांना साह्यास बोलाविलें, आणि १७४३ पर्यंत सत्ताच भोसल्यांच्या हातीं आली. मदतीस आलेला पाहुणा घराचा यजमान कसा होतो याचें हें एक ठळक उदाहरण. आंतला तट रघूजींनीं बांधविला असें सांगतात, व राममूर्तींची स्थापनाही त्यांचीच समजली जाते.

या घराण्याची अखेर मात्र वाचवत नाहीं. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले. त्यांची राणी अन्नपूर्णाबाई हिनें यशवंतरावांस दत्तक घेतलें, परंतु डलहौसीनें तें अमान्य करून १८५४ सालीं राज्य खालसा केलें. हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीवर लिलांवांत विकले, जवाहीर कलकत्त्यास गेलें. दुसऱ्या रघूजींची वृद्ध विधवा बांकाबाई, हिनें तर वाड्यांतलें सामान हलविल्यास वाड्याला आग लावीन असें बजावल्याचें तत्कालीन इंग्रज इतिहासकार लिहितो. शास्त्राप्रमाणें घेतलेला पुत्र परक्या दरबारच्या मर्जीवर पुत्र ठरावा किंवा न ठरावा, याहून मोठा अन्याय एखाद्या कुळावर कोणता व्हावा? कॅथरिन राणीनें निदान दियानला एका वाड्याऐवजीं दुसरा दिला होता.

यशवंतराव पुढें जानोजी या नांवानें देऊरचे राजे झाले. राज्य मात्र परत मिळालें नाहीं. नागपुरांतील भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ सालीं आगींत गेला. रामटेकावरचा दिवा तेवढा विझला नाहीं.

नगरधनला २०१५ ते २०१८ या काळांत राज्याच्या पुरातत्त्व विभागानें व पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. त्यांत मातीची एक लहानशी मुद्रा निघाली. तिच्यावर ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीचें नांव आहे व शंखाची आकृति आहे. कार्तिकांत त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेस जे वाचक सहकुटुंब येतील त्यांनीं रामदर्शन घेऊन लगेच खालीं उतरण्याची घाई न करतां केवल नरसिंहाच्या देवळांतही डोकवावें. लेख झिजलेला आहे. मुलांना दिवसाउजेडीं न्यावें.