न दिसणाऱ्या डागाच्या मागावर

१९७१ साली लंडनमध्ये डेव्हिड टेलर, फाल्कनर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले मेंदूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ‘फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझिया’ या दोषाचं वर्णन केलं. मेंदूच्या पृष्ठभागाचा एखादा भाग जन्माआधीच विस्कटलेला घडतो आणि अपस्माराची फिट तिथून उठते. त्याच वर्षी, त्याच शहरात सीटी स्कॅनचा पहिला रुग्ण तपासला गेला. ते यंत्र बनवणारे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते. अपस्माराच्या संशोधनात पुढे आलेल्या भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकवाल्यांचे ते मला पूर्वज वाटतात.

असे विस्कटलेले भाग म्हणजे स्कॅनवरचे डाग; सीटीला ते सहसा सापडत नसत. एमआरआयने पुष्कळ दाखवले, तरी ‘एमआरआय नॉर्मल आहे’ हे ऐकून घरी परतणारे रुग्ण उरलेच. ग्लासगोच्या अपस्माराच्या ५२५ रुग्णांच्या अभ्यासातून २००० साली दिसलं, की तिघांपैकी एकाहून अधिकांच्या फिट औषधांनी थांबत नाहीत. अशांना शस्त्रक्रियेचा आधार, पण कुठे कापायचं हे आधी कळायला हवं.

त्याच वर्षी फिशल आणि डेल यांनी एमआरआयवरून मेंदूच्या सालीची, म्हणजे पृष्ठभागाच्या थराची, जाडी संगणकाने मोजायची पद्धत मांडली. ही साल जेमतेम दोन-चार मिलिमीटरची. एवढ्या पातळ थरातला डाग ओळखायला पुष्कळ रुग्णांची मोजमापं लागतात. एका केंद्राकडे असे रुग्ण थोडेच, म्हणून माहिती एकत्र करणं भाग पडलं. २०१८च्या, अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या ‘एनिग्मा’ अभ्यासात अपस्माराचे २,१४९ रुग्ण होते. प्रत्येक केंद्राने एकाच ठरलेल्या रीतीने मोजमापं केली होती. २०२२ मध्ये सोफी ॲडलर, कॉनराड वॅगस्टिल यांच्या ‘मेल्ड’ प्रकल्पाने २२ केंद्रांतले ६१८ रुग्ण घेऊन डाग शोधणारा प्रोग्रॅम तयार केला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. त्याला ६७ टक्के डाग सापडले, मात्र निरोगी मेंदूंतही तो बऱ्याचदा भलतीकडे बोट दाखवत होता. पुढच्या आवृत्तीत हे चुकीचे इशारे बरेच घटले.

या आकड्यांमागे कुणीतरी स्क्रीनसमोर बसून एकेका डागाची कड हाताने आखलेली असते. रुग्ण हलल्यामुळे बिघडलेले स्कॅन बाजूला काढलेले असतात, संगणकाने चुकीची ओढलेली रेघ दुरुस्त केलेली असते. हे शिकायला वर्षं लागतात. असं काम करणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षांच्या करारावर ठेवतात; अनुदान संपलं की हात बसलेला माणूस दुसऱ्या उद्योगात जातो. मला हे फार खटकतं.

आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रियेचा कार्यक्रम चालू आहे. बंगळूरुचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स याच वाटेवर आहेत. स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टच्या शेजारी स्कॅन मोजणाऱ्याचीही कायमची जागा अशा प्रत्येक केंद्रात हवी, पगारपत्रकावरची.