1.28 ग्रॅमला किती गुण?

गेल्या सत्रात अकरावीतील एका विद्यार्थिनीचे वडील तिची रसायनशास्त्राची प्रयोगवही घेऊन आमच्याकडे आले. अशुद्ध बेंझोइक आम्लाचे स्फटिक करून ते शुद्ध करण्याच्या प्रयोगात मुलीने 'वसुली 64 टक्के' असे लिहिले होते व तिला 10 पैकी 5 गुण मिळाले होते. त्याच तुकडीतील एका मुलाने 95 टक्के लिहिले होते, त्याला 9. वडिलांची तक्रार गुणांबद्दल नव्हतीच. "सर, ती म्हणते, पुढच्या वेळी मीसुद्धा 95 लिहीन," एवढेच ते म्हणाले.

आम्ही दोन्ही वह्या समोर ठेवल्या. दोघांनी 2 ग्रॅम आम्ल घेतलेले, दोघांनी पाणी 200 मिलिलिटर, दोघांनी द्रावण 25 अंशांपर्यंत थंड केलेले. दोन्ही वह्यांवर सही आमची होती. म्हणून हा लेख.

आधी शब्दांचे बघू. इंग्रजीतल्या रिकव्हरीला आम्ही वर्गात 'वसुली' म्हणतो. जेवढा पदार्थ पाण्यात घातला त्यापैकी किती परत हाती आला, याचा हिशेब. दुसरा शब्द विद्राव्यता. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे तोंडात आधी 'विलेयता' येते. मुले हसतात, पण अर्थ एकच. ठरावीक तापमानाला ठरावीक पाण्यात एखादा पदार्थ जास्तीत जास्त किती विरघळतो, ती त्याची विद्राव्यता.

घरी खडीसाखर करून पाहिली असेल त्यांना हे लगेच समजेल. 100 ग्रॅम उकळत्या पाण्यात सुमारे 487 ग्रॅम साखर मावते, 20 अंशांच्या पाण्यात सुमारे 200 ग्रॅम. गरम पाक निवला की जी साखर मावत नाही ती दोऱ्यावर खडे धरते. परंतु भांड्यात पाक उरतोच, आणि त्यातली साखर गेली कुठे असे कोणी विचारत नाही. ती पाण्यानेच धरून ठेवलेली असते.

बेंझोइक आम्लाचेही तसेच आहे. 100 मिलिलिटर उकळत्या पाण्यात ते सुमारे 5.6 ग्रॅम विरघळते, 25 अंशांना 0.34 ग्रॅम आणि 0 अंशाला 0.17 ग्रॅम. या तीन आकड्यांवर सगळा प्रयोग उभा आहे. 2 ग्रॅम आम्ल विरघळवायला उकळते पाणी किमान किती लागेल? 2 ला 5.6 ने भागून 100 ने गुणावे. सुमारे 36 मिलिलिटर. अगदी तेवढेच घेतले तर गाळतानाच नरसाळ्यात स्फटिक पडून बसतात, म्हणून 50 मिलिलिटर घेणे शहाणपणाचे. आता हे 50 मिलिलिटर 25 अंशांना आले की 0.17 ग्रॅम आम्ल पाण्यात राहणार. हाती येणार जास्तीत जास्त 1.83 ग्रॅम, म्हणजे 91.5 टक्के. बर्फात ठेवले तर पाण्यात साधारण 0.085 ग्रॅमच राहील आणि वसुली सुमारे 96 टक्क्यांपर्यंत जाईल.

मग 200 मिलिलिटर घेतल्यावर काय होईल? 25 अंशांना पाण्यातच 0.68 ग्रॅम राहील. उरले 1.32 ग्रॅम, म्हणजे 66 टक्के. कोणी कितीही काळजी घेतली तरी याच्या वर जाता येणार नाही.

मुलीच्या वहीत वजन होते 1.28 ग्रॅम. मिळू शकणाऱ्या 1.32 पैकी 1.28! म्हणजे शक्य होते त्याच्या 97 टक्के तिने गोळा केले होते. गाळणकागदाला चिकटलेला कणही तिने खरवडला असणार. आणि 200 मिलिलिटर पाण्यातून 25 अंशांना 1.90 ग्रॅम शुद्ध, कोरडे स्फटिक मिळणे शक्यच नाही. स्फटिक ओले असले तर वजन जास्त भरते, हे खरे. एका वर्षी एका गटाने 112 टक्केही लिहून आणले होते! पण या मुलाला विचारल्यावर त्याने आकडा मनाने घातल्याचे लगेच कबूल केले. त्याचे नाव कोणी विचारू नये. मोठ्या आकड्याला मोठे गुण हा पायंडा आम्हीच पाडला होता, त्याने तो ओळखला इतकेच.

मुलीने एवढे पाणी का घातले, हे ऐकण्यासारखे आहे. नमुन्यात आम्ही मुद्दाम चिमूटभर रेती व थोडे मीठ मिसळतो. रेती विरघळेना म्हणून ती पाणी घालत गेली. रेती विरघळत नसतेच; ती गरम असतानाच गाळून काढायची. मीठ मात्र विरघळून जाते आणि थंड झाल्यावरही पाण्यातच राहते, कारण एवढ्याशा मिठाला ते पाणी भरपूर होते. म्हणूनच स्फटिक शुद्ध मिळतात. थोडे आम्ल पाण्यात गमवावे लागते ते यासाठी. उरलेले पाणी आटवून आणखी स्फटिक मिळवता येतात, पण ते पहिल्याइतके शुद्ध नसतात. शुद्धतेची खात्री वजनाने होत नाही, वितळणबिंदूने होते. शुद्ध बेंझोइक आम्ल सुमारे 122 अंशांना वितळते, अशुद्ध असेल तर त्याआधीच.

प्रत्येक पदार्थाला ही युक्ती चालत नाही. मीठ 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना सुमारे 36 ग्रॅम व उकळत्या पाण्यात सुमारे 39 ग्रॅम विरघळते. गरम द्रावण थंड करून 39 पैकी जेमतेम 3 ग्रॅम मिळतील, 8 टक्केसुद्धा नाही. मिठागरात पाणी थंड करत नाहीत, उन्हात आटवतात, ते यामुळेच.

मुलीचे गुण आम्ही 8 केले. 2 जास्तीच्या पाण्याचे कापले. मुलाने प्रयोग पुन्हा केला, 50 मिलिलिटर पाण्यात, आणि 1.70 ग्रॅम मिळवले. त्याने 85 टक्के लिहिले. आता प्रयोगवहीत गाळण्यापूर्वीचे तापमान व पाण्याचे माप यांच्यासाठी वेगळी ओळ छापून घेतली आहे. उकळताना पाणी आटते, म्हणून माप शेवटी, गाळून खाली आलेल्या पाण्याचे घ्यायचे. अपेक्षित वसुली आधी काढायची, मग तराजूकडे जायचे. विश्वस्त मंडळींनी दिलेला दोन दशांश स्थळे दाखवणारा तराजू नसता तर 1.28 आणि 1.32 मधला फरक आम्हाला दिसलाही नसता. त्यांच्याकडे आणखी एक मागणे आहे, प्रयोगशाळेसाठी लहानसा फ्रीज. बर्फ सध्या शिपाई बाहेरून आणतो आणि तो येईपर्यंत अर्धा वितळतो.

मुलांसाठी एक गणित. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना 31.6 ग्रॅम व 100 अंशांना सुमारे 246 ग्रॅम विरघळतो. 100 ग्रॅम सोरा 50 ग्रॅम उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळेल का? तेच द्रावण 20 अंशांना आणले तर जास्तीत जास्त वसुली किती? उत्तर रीतीसह लिहून शनिवारपर्यंत प्रयोगशाळेत आणून द्यावे.