पडकई : उतारावर शेत घडविणारी सावड

पुणे जिल्हा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शहराच्या पेठा, कारखाने आणि उसाचे मळे उभे राहतात. परंतु याच जिल्ह्यात, जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम अंगास, कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या उगमाकडे एक निराळा डोंगरी मुलूख आहे. तेथील वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात तेथे पाऊस नुसता कोसळतो. पण तो उताराने वाहून जातो आणि जाताना माती घेऊन जातो.

या मुलखाचा मूळ प्रश्न मातीचा आहे. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ. उतारावर नाचणी-वरई पेरावी, तर दोन-चार वर्षांत जमीन थकते आणि पुढे ती पडीक टाकावी लागते. भाताला तर सपाट, पाणी धरून ठेवणारे खाचर हवे. ते डोंगरात आयते कोठून मिळणार? ते माणसालाच घडवावे लागते. या घडविण्याच्या रीतीला ‘पडकई’ म्हणतात.

रीत साधी आहे. उताराच्या खालच्या अंगास दगडांचा बांध रचावयाचा, वरच्या अंगाची माती खणून बांधाआड भरावयाची, आणि तो तुकडा समपातळीत आणावयाचा. एका कुटुंबाच्याने हे होणारे नव्हे. म्हणून काही कुटुंबे एकत्र येतात. आज एकाच्या जमिनीवर, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी कोणास देत नाही. श्रमाची फेड श्रमानेच होते. देशावरील शेतकरी यालाच सावड म्हणतो.

आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहा. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर, सुमारे 3,800 मीटर उंचीवर, टिटिकाका नावाचे सरोवर आहे. त्याच्या आसमंतात आयमारा भाषा बोलणारे लोक राहतात. त्यांच्याही डोंगरउतारांवर दगडी बांधांच्या पायऱ्या आहेत; त्यांवर बटाटा पिकतो. आणि आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या, या व्यवहाराला तेथे ‘आयनी’ असे नाव आहे. या दोन समाजांची कधी गाठ पडली नाही. पण उताराने दोघांना एकच धडा दिला.

घोड नदीवर डिंभे धरण झाले, तेव्हा खोऱ्यातील सखल जमिनी पाण्याखाली गेल्या. ज्यांच्या त्या होत्या, त्यांना वरचा उतारच उरला. पडकईची गरज त्यामुळे अधिकच वाढली. पुढे शासनानेही आपल्या योजनांत तिला स्थान दिले.

मात्र 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. अतिवृष्टी हे तर कारण होतेच. पण यंत्रे लावून उतार कापल्याने डोंगर सैल झाला काय, याचीही तेव्हा बरीच चर्चा झाली. तिचा निकाल काहीही लागो, एवढे खरे की हाताने होणाऱ्या कामाचा वेग मातीला सोसतो. बांध रचणारा मनुष्य पाण्याची वाट ओळखून दगड बसवितो. घाईने चालणाऱ्या यंत्रास ती दिसत नाही.

म्हणून पडकईला मदत करावयाची असेल, तर केवळ किती हेक्टर जमीन सपाट झाली एवढेच मोजून भागणार नाही. पाण्याची वाट जाणणारी माणसे आणि त्यांची सावड टिकली पाहिजे. ती मोडली, तर नुसत्या पैशाने उभारलेले बांध पहिल्या मोठ्या पावसात किती टिकतील, याचा विचार आपण सर्वांनी करावयास हवा.