रहस्यकथा : उशाशी असावी की कपाटात?

वृद्ध रुग्णाची विचारपूस करताना झोप, भूक, पोट आणि चालणे यांच्याबरोबर मी आणखी एक प्रश्न विचारतो : "सध्या काय वाचता?" वाडीच्या वस्तीत कारखान्यातून निवृत्त झालेले आणि मुलांकडे राहायला आलेले ज्येष्ठ पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेक जण या प्रश्नाचे उत्तर थोडे संकोचून देतात, कारण उशाशी असते ती रहस्यकथा. शेजारी बसलेला मुलगा किंवा सून हसून म्हणते, "सांगा ना डॉक्टर, या वयात पोथी वाचायची की खुनाच्या गोष्टी?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या पुस्तकांचा खप अफाट, त्यांची योग्यता तेवढी असते का, आणि ती वृद्धांच्या हाती असावीत का, असे दोन प्रश्न त्यात दडलेले आहेत.

लोकप्रियता कशाची?

बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू घराघरांत ओळखीचे झाले. गुरुनाथ नाईक यांनीही हजाराचा टप्पा ओलांडला. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांचे मंदार पटवर्धन, दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांनी पुढच्या पिढीला झपाटले. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेला स्वतंत्र वाचक मिळवून दिला. आज सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेल्या अनेकांना वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लावली. पुस्तके छोटी, भाषा सोपी आणि वाचनालयातून सहज मिळणारी होती. समीक्षकांनी मात्र त्यांची फारशी दखल घेतली नाही.

या पुस्तकांचा खरा गुण एकच : ती पान उलटायला लावतात. लेखक आरंभी एक प्रश्न टाकतो आणि उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवतो. मधल्या काळात वाचकाला नावे, नाती, वेळा, खुणा मनात धराव्या लागतात, तर्क बांधावा लागतो आणि तो चुकला की मोडून नव्याने उभारावा लागतो. तरुणाला यात करमणूक दिसेल. पण ज्याचा दिवस औषधांच्या वेळांनीच मोजला जातो, अशा माणसाच्या मनात 'पुढे काय झाले असेल?' ही उत्सुकता जागी राहणे ही लहान गोष्ट नव्हे. उद्याची वाट पाहण्याला तेवढेच एक कारण मिळते.

विज्ञान किती साथ देते?

२००३ मध्ये अमेरिकेत ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत वारंवार रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. २०१६ मधील दुसऱ्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ व्यक्तींची १२ वर्षांची माहिती तपासली गेली. शिक्षण, उत्पन्न आणि प्रकृती यांचा हिशेब धरूनही पुस्तके वाचणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसले.

मात्र या आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. ज्याची प्रकृती आणि बुद्धी मुळातच धड आहे, तो अधिक वाचतो, हेही खरे असू शकते. शिवाय या अभ्यासांनी रहस्यकथेला वेगळे काढून पाहिले नव्हते. म्हणून रहस्यकथा हे औषध आहे, असे मी म्हणणार नाही. वाचन टिकणे महत्त्वाचे, आणि माणूस जे आवडीने वाचतो तेच टिकते, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

दोषही पाहू या

वाचकहो, खप मोठा म्हणून सारेच पुस्तक चांगले, असे नाही. घाईने लिहिलेल्या कथांत तोच साचा पुन्हा पुन्हा येतो. वैद्य म्हणून माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली, खुनी शेवटी 'वेडा' निघतो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कुणालाही इजा करीत नाहीत. अशा कथांनी रुजवलेल्या भीतीमुळे मात्र कुटुंबे आजार लपवतात आणि उपचार लांबतात.

दुसरी तक्रार वैद्यकीय चुकांची. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी नेताच कथेतला माणूस कोसळतो. प्रत्यक्षात त्याला काही मिनिटे लागतात. डोक्यावर फटका बसून तासभर बेशुद्ध पडलेला नायक उठून धावू लागतो, हे तर फारच फसवे. घरातील ज्येष्ठ व्यक्ती पडून डोक्याला मार लागला आणि ती रक्त पातळ करणारे औषध घेत असेल, तर ती शुद्धीवर असली तरी त्वरित रुग्णालयात न्यावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनी, आठवड्यांनीही लक्षणे दाखवतो.

चांगल्या रहस्यकथेचे मूळ मात्र काळजीपूर्वक निरीक्षणात असते. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर होते आणि होम्सची प्रेरणा त्यांना एडिंबरा येथील त्यांचे शिक्षक डॉ. जोसेफ बेल यांच्या सूक्ष्म नजरेतून मिळाली. अगाथा ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधविभागात काम केले. विषांचे ज्ञान त्यांनी तेथे मिळवले. माझी कसोटी साधी आहे : उत्तर कळल्यावरही पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटले, तर त्याने आपली लोकप्रियता कमावली आहे. २०११ मधील कॅलिफोर्नियातील एका प्रयोगात शेवट आधी सांगितल्यावरही वाचकांचा कथेतील आनंद कमी झाला नाही, असे दिसले होते. तेव्हा आजोबा तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचत असतील, तर त्यांना टोकू नये.

वाचन थांबले तर

काळजीवाहकांनी खरे लक्ष द्यायचे ते येथे. आयुष्यभर वाचणाऱ्या व्यक्तीने पुस्तक अचानक बाजूला ठेवले, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. 'अक्षरे पुसट दिसतात' असे उत्तर आले, तर मोतीबिंदू आणि चष्म्याचा क्रमांक तपासावा. 'कशातच मन लागत नाही' हे नैराश्याचे लक्षण असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत. 'कोण कोणाचा, तेच ध्यानात राहत नाही' ही तक्रार वाढत असेल, तर स्मरणशक्तीची तपासणी करावी; थायरॉईड, जीवनसत्त्व ब-१२ आणि चालू औषधेही पाहून घ्यावीत, कारण त्यांतील काही कारणे दुरुस्त होतात. मात्र ज्येष्ठांची परीक्षा घेऊ नये, "आज कथेत काय झाले?" एवढे प्रेमाने विचारावे.

ख्रिस्ती यांच्याच पुस्तकांवर टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये काम केले. ऐंशी ओलांडल्यावरच्या, १९७२ मधील 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' या कादंबरीत त्यांचा शब्दसंग्रह पूर्वीपेक्षा बराच आटलेला आढळला, आणि संशोधकांनी स्मृतिभ्रंशाची शंका व्यक्त केली. निदान त्यांच्या हयातीत कधी झाले नव्हते.

काही पथ्ये

प्रकाश मागून, खांद्यावरून पानावर पडेल असा ठेवावा. जाड पुस्तक छातीवर तोलण्यापेक्षा उशीचा आधार द्यावा. रात्री झोपेची वेळ ठरवावी आणि प्रकरण संपवूनच दिवा मालवण्याचा मोह आवरावा. भयकथा दुपारीच वाचलेली बरी. स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना भास होतात किंवा घरच्यांवर चोरीचा संशय येतो, त्यांना खून-दरोड्याच्या कथा आणि मालिका टाळाव्यात. डोळे साथ देत नसतील, तर श्राव्य पुस्तके आहेत, आणि त्याहून उत्तम म्हणजे नातवंडाने रोज एक प्रकरण वाचून दाखवावे.

पोथीला तिचे स्थान आहेच. ज्यांना तीत विसावा मिळतो त्यांनी ती अवश्य वाचावी. पण ऐंशी वर्षांच्या माणसाने काय वाचावे, हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच राहू द्यावा. खाणे, फिरणे आणि पैसा यांवर इतरांची नजर आल्यानंतर त्याच्यापाशी उरणाऱ्या थोड्या स्वातंत्र्यांपैकी ते एक आहे. पुढच्या वेळी वाचनालयात जाल, तेव्हा त्यांच्या आवडीचे एक पुस्तक न विसरता घेऊन या.