बिनपगारी उमेदवारी

संगणकशास्त्र शिकणारा मुलगा रात्री उशिरापर्यंत जागून परदेशातील अनोळखी लोकांबरोबर काम करतो आणि त्यापोटी एक रुपयाही घरी येत नाही, हे पाहून व्यापारी घरातील वडीलधाऱ्यांना प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्यातही ते काम खेळांशी निगडित असेल, तर चिंता अधिकच वाढते. म्हणून त्या कामाचे स्वरूप प्रथम समजून घेऊ.

‘गोडो’ हे संगणकावरील खेळ तयार करण्याचे साधन आहे. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्झूर यांनी ते घडविले आणि २०१४ साली त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. कोणीही ते विनामूल्य वापरावे, त्यात बदल करावा, त्यावर घडविलेला खेळ विकून सर्व उत्पन्न स्वतःकडे ठेवावे. अट एवढीच की मूळ कर्त्यांची परवाना-नोंद सोबत राहावी.

या मोकळीकीचे मोल सप्टेंबर २०२३ मध्ये अनेकांना उमगले. ‘युनिटी’ या कंपनीचे असेच एक साधन जगभर वापरले जाते. ठरावीक मर्यादेपुढे, खेळ जितक्या नव्या यंत्रांवर उतरवला जाईल तितके शुल्क घेण्याचे तिने अचानक जाहीर केले. चालत्या दुकानाच्या भाड्याची बोली मालकाने मध्येच बदलावी, तसा हा प्रकार होता. वर्षभराने ते शुल्क मागे घेतले गेले. पण तोवर अनेकांनी गोडोची वाट धरली होती.

असे सामायिक साधन टिकते ते अनेकांच्या श्रमांवर, आणि त्यांत विद्यार्थीही असतात. कोणी एखादा दोष शोधून दुरुस्त करतो, कोणी माहितीपुस्तिकेतील अपुरा परिच्छेद पूर्ण करतो, कोणी भाषांतर करतो. पाठविलेला प्रत्येक बदल अनुभवी मंडळी तपासतात, कारणे विचारतात, पुन्हा लिहावयास सांगतात. कधी तो नाकारलाही जातो. हा सारा व्यवहार नावानिशी उघड नोंदला जातो.

आपल्याकडे मुलाला गादीवर बसविण्यापूर्वी दुसऱ्याच्या पेढीवर उमेदवारीस ठेवण्याची रीत होती. तेथे तो हिशेबाबरोबरच चूक कबूल करणे आणि बोलणी ऐकून घेणेही शिकत असे. ही उमेदवारी त्याच जातीची आहे. नोकरी देणारा पुढे गुणपत्रिकेबरोबर या नोंदीही पाहू शकतो. ‘गुगल समर ऑफ कोड’ या २००५ पासूनच्या उपक्रमात तर निवड झालेल्यांना अशा कामासाठी मानधनही मिळते.

मात्र तारतम्य हवे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या कामाला वेळ देणे वेगळे आणि एखाद्या कंपनीच्या बंदिस्त, नफ्याच्या मालासाठी फुकट राबणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मोबदला आधी ठरवून घ्यावा. अभ्यासाचे आणि झोपेचे तासही राखावेत.

म्हणून पालकांनी ‘किती मिळाले?’ असे विचारण्यापूर्वी ‘तुझे काम कोणी तपासले? काय चुकले होते?’ असे विचारावे. मुलाला या प्रश्नांची नेमकी उत्तरे देता आली, तर त्याची रात्र वाया गेलेली नाही.