काचमहाल आणि आमचा माग

सुट्टींत मुंबईस जाऊन आलेलीं मुलें भायखळ्याच्या राणीच्या बागेचें वर्णन आम्हांस मोठ्या हौसेनें ऐकवितात. परंतु त्याच बागेंतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहिलें काय, असें विचारतांच बहुतेक गप्प होतात. या संग्रहालयाची कथा लंडनच्या एका जगप्रसिद्ध प्रदर्शनापासून सुरू होते.

१ मे १८५१ रोजीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचें प्रदर्शन उघडलें. त्यासाठीं मूळचा माळी असलेल्या जोसेफ पॅक्स्टननें लोखंड व काच यांचा सुमारें १८५० फूट लांबीचा महाल योजिला होता. साडेपांच महिन्यांत सुमारें ६० लक्ष प्रेक्षक येऊन गेले. ईस्ट इंडिया कंपनीनें मांडलेल्या भारताच्या विभागांत शाली, मलमल, जरीचें काम अशा वस्तु होत्या. कोहिनूर हिऱ्याभोंवतीं झुंबड उडे; परंतु जाणत्यांना भुरळ पडली ती आमच्या कापडाची. ओवेन जोन्स या वास्तुशास्त्रज्ञानें भारतीय नक्षीची मुक्तकंठानें स्तुति केली.

मात्र त्याच छताखालीं वाफेच्या बळावर चालणारीं सूत कातण्याचीं यंत्रेंही धडधडत होतीं. पुढें १८६६ सालीं जॉन फोर्ब्स वॉटसन यांनीं भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत एकत्र केले. हेतु हा कीं, भारतांत कोणतें कापड खपतें हें विलायती गिरणीवाल्यांस कळावें. ज्या हातांची वाखाणणी झाली, त्यांचाच घास असा धोक्यांत आला.

अशा प्रदर्शनांकरितां मुंबई इलाख्यांतून वस्तु गोळा होत. तसल्याच वस्तु येथील लोकांसही पाहावयास मिळाव्या, या विचारानें मुंबईच्या कोटांतील एका बराकींत संग्रह सुरू झाला. १८५७ च्या धामधुमींत बराक सैन्यास हवी झाली व संग्रहाची नासधूस झाली. तेव्हां डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांनीं पुढाकार घेतला. १८६२ सालीं नव्या इमारतीची कोनशिला बसली आणि २ मे १८७२ रोजीं ती लोकांस खुली झाली. १९७५ सालीं तिला भाऊ दाजींचें नांव देण्यांत आलें. लंडनचा काचमहाल दुसरीकडे हलविल्यावर १९३६ सालीं आगींत भस्म झाला. भायखळ्याची वास्तु आजही उभी आहे.

प्रदर्शनांतील वस्तूवर प्रांताचें नांव असे, विणणाराचें बहुधा नसे. आमच्या सोलापुरांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी निघाली, पुढें हातमागांच्या जागीं यंत्रमाग आले; तरी विणकामानें हें गांव सोडलें नाहीं. आज सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे गांवाचें नांव कायद्यानें राखलें गेलें आहे. विणणाराचें नांव राखणें मात्र आपल्याकडे आहे.

वर्गांत वडिलांचा धंदा विचारला असतां ‘विणकर’ हा शब्द कांहीं मुलें हळूच उच्चारतात, हें आम्हीं पाहिलें आहे. मुलांनो, ज्या कलेपुढें काचमहालांतील जाणते थबकले, ती तुमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहे. घरीं आजोबांजवळ बसा, त्यांनीं विणलेल्या वस्त्रांचीं व काठांचीं नांवें विचारा आणि वहींत आजोबांच्या नांवासह लिहून आणा. पुढील वार्षिकांत आम्ही तीं आनंदानें छापूं.